पखवाजावर दोन तास बसतो, गणितावर दहा मिनिटं नाही

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल मी कशावर बोलतेय. तुमचं घर गोव्यातल्या डिचोली तालुक्यात. मुलगा चौथीपर्यंत गावच्या सरकारी मराठी शाळेत होता, पाचवीपासून हायस्कुलात. सातवीपर्यंत सगळे त्याला हुशार म्हणायचे. आठवीत घसरला आणि आता नववीच्या पहिल्या परीक्षेत गणितात ८० पैकी १९. ट्यूशन लावून झाली, मोबाईल काढून घेऊन झाला, ‘दहावीला ७५ टक्के आण, बाइक घेऊन देतो’ असं त्याच्या बाबांनी सांगून झालं. वही उघडत नाही. देवळात भजनाला मात्र पखवाजावर दोन-दोन तास बसतो, जेवायला हाक मारली तरी उठत नाही. तुम्ही विचारलंय, पखवाज बंद करू का? आणि याला अभ्यासाची गोडी कशी लावू?

पखवाज बंद करू नका. कारण पुढे सांगते.

गोडीचा प्रश्न मात्र मला उलट्या बाजूने धरल्यासारखा वाटतो. गोडी नाही म्हणून पोर अभ्यास करत नाही, असं आपण धरून चालतो. मी फोंडा तालुक्यातल्या एका हायस्कुलात २७ वर्षं गणित आणि विज्ञान शिकवलं, त्यातली बरीच वर्षं नववी-दहावीची वर्गशिक्षिका होते. मला बहुतेक वेळा दिसलं ते असं की आधी एखादी गोष्ट जमेनाशी होते, मग वर्गात तोंड लपवावं लागतं, मग गोडी जाते आणि सगळ्यात शेवटी वही बंद होते. घरच्यांना दिसते ती फक्त बंद वही. चौदा वर्षांच्या मुलाला ‘आळशी’ म्हणवून घेणं परवडतं, ‘ढ’ म्हणवून घेणं परवडत नाही. अभ्यासच केला नाही तर मार्क कमी पडल्याचं कारण तयार असतं. जीव तोडून अभ्यास केला आणि तरी १९ पडले, तर मग काय सांगणार? म्हणून तो वही उघडत नाही. त्याच्या जागी बसून बघितलं तर हा हिशोब चुकीचाही नाही.

तुमच्या मुलाचं असंच आहे, हे मी इथे बसून छातीठोकपणे सांगू शकत नाही. कारणं दुसरीही असतात. माझ्या वर्गात एक मुलगा वर्षभर मागच्या बाकावर गप्प बसायचा. शेवटी कळलं की त्याला फळाच दिसत नव्हता. चष्मा लागला आणि अर्धा प्रश्न सुटला. कुणाला बसमध्ये मोठी मुलं त्रास देतात, कुणाच्या घरात रोज रात्री भांडण असतं. काहींना वाचन-लेखनाची खरीखुरी अडचण असते. तसं निदान झालं तर आपलं बोर्ड परीक्षेत जादा वेळ आणि इतर सवलती देतं, पण त्याची कागदपत्रं दहावीच्या जानेवारीत गोळा करायला निघालात तर धावपळ होते. तेव्हा आधी डोळे तपासून घ्या, आणि शाळेत कुणी छळतंय का हे हळूच विचारा. ‘तुला कोण त्रास देतं का रे?’ असं थेट विचारू नका. ‘मधल्या सुट्टीत कोणाबरोबर डबा खातोस?’ एवढं विचारा. उत्तर यायला वेळ लागला तर लक्षात येईल.

हे सगळं ठीक निघालं, तर माझा संशय पाचवीवर आहे.

आपल्या गोव्यात एक गोष्ट होते, जिची चर्चा निवडणुकीच्या व्यासपीठावर फार होते आणि घरात अजिबात होत नाही. घरी कोकणी, चौथीपर्यंत पुस्तक मराठी, आणि पाचवीत एका जूनमध्ये गणित, विज्ञान, समाजशास्त्र सगळं इंग्रजीत. माध्यम कुठलं असावं या वादात मला शिरायचं नाही. मी फक्त मुलाच्या डोक्यात काय होतं ते सांगते. अर्धा, पाव, पाऊण त्याला चांगले कळत होते. त्याचं एकदम ‘फ्रॅक्शन’ झालं, आणि ‘न्यूमरेटर’, ‘डिनॉमिनेटर’ पाठ करता करता पाऊण म्हणजे पाऊणच हे कुठेतरी सुटून गेलं. पाचवी-सहावीत हे झाकून जातं, कारण नोट्स पाठ करून मार्क पडतात. त्यातून शिक्षणहक्क कायदा २०१० साली लागू झाल्यावर कित्येक वर्षं आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवायचं नव्हतं. हेतू चांगला होता, पण राहून गेलेलं भरून काढायची व्यवस्था त्याबरोबर आली नाही. मग नववी येते. धडे लांब, भाषा अवघड, आणि पाठांतर पुरत नाही. सातवीपर्यंत ‘हुशार’ आणि नववीत १९, हे मला म्हणूनच अजिबात नवल वाटत नाही.

एक प्रसंग सांगते. नववीतला एक मुलगा, वाळपईच्या बाजूचा. पेपरात शाब्दिक उदाहरणं सगळी कोरी. मी त्याला वर्गाबाहेर बसवून पुस्तकातल्यासारखं उदाहरण इंग्रजीत वाचायला दिलं. दोन संख्यांतला फरक २६, एक संख्या दुसरीच्या तिप्पट, संख्या शोधा. तो कागदाकडे बघत राहिला. मग मी तेच कोकणीत सांगितलं. त्याने वर आढ्याकडे बघितलं, ओठ हलवले आणि म्हणाला, “तेरा आनी एकूणचाळीस.” समीकरण नाही, एक्स नाही, काही नाही. मी विचारलं, मग पेपरात का नाही लिहिलंस? म्हणाला, “टीचर, माका येता, पूण प्रस्न कितें म्हणटा तें कळना.” तोपर्यंत दोन वर्षं मी त्याच्या प्रगतिपुस्तकावर ‘मेहनत कमी पडते’ असं लिहीत होते.

तर तुम्ही करायचं काय? गाठ कुठे बसलीय ती शोधायची. एका रविवारी सकाळी, त्याचं पोट भरलेलं असताना, पाचवी ते आठवीची गणिताची पुस्तकं घेऊन बसा. घरात नसतील तर शेजारच्या मुलांची आणा. नववीचं पुस्तक त्या दिवशी टेबलावरसुद्धा नको. पाचवीपासून सुरू करा, प्रत्येक धड्यातली दोन-दोन उदाहरणं. बरोबर आली की पुढे. पाचवीचं पुस्तक बघून तो चिडेल. त्याला सांगा की गाडी बंद पडली की मेकॅनिक आधी पेट्रोल बघतो, इंजिन नंतर उघडतो. कुठेतरी तो अडेलच. बहुतेक मुलं अपूर्णांकांची बेरीज, ऋण संख्या किंवा टक्केवारी यांतल्या एका ठिकाणी अडतात. पुढचं सगळं बीजगणित या तिन्हींवर उभं आहे. वजा गुणिले वजा अधिक का, हे ज्याला कळलेलं नाही त्याला नववीतले विस्तार म्हणजे जादूटोणा वाटतो.

तिथून पुढे रोज वीस मिनिटं, तीन आठवडे. वीसच. त्याने आणखी बसतो म्हटलं तरी पहिला आठवडा उठवा. शाब्दिक उदाहरण आलं की त्याने ते आधी तुम्हाला घरच्या भाषेत सांगायचं: काय दिलंय, काय विचारलंय. सोडवायचं त्यानंतर. ‘एक्सीड्स’, ‘ॲट लीस्ट’, ‘रिस्पेक्टिव्हली’ असे पंचवीस-तीस शब्द आहेत, तेच तेच फिरून येतात. वहीच्या शेवटच्या पानावर ते आणि त्यांचा अर्थ लिहून ठेवू दे. तुम्हाला गणित येत नसलं तरी चालेल. उलट बरंच. तो तुम्हाला समजावून सांगेल, आणि समजावताना कुठे अडखळतो ते दोघांनाही दिसेल.

या तीन आठवड्यांत मार्क वाढणार नाहीत. हे आधीच मान्य करून बसा, नाहीतर दुसऱ्या आठवड्यात तुमच्या तोंडून ‘एवढं करून काय फरक पडला?’ निघेल आणि सगळं पाण्यात जाईल. वाढेल ती एक छोटी गोष्ट: वर्गात एखादं उदाहरण चाललं असताना ‘हे मला येतं’ असं त्याला पहिल्यांदा वाटेल. गोडी तिथून सुरू होते.

आता पखवाज. त्याच्यात एकाग्रता आहे का, चिकाटी आहे का, या प्रश्नांची उत्तरं तुमच्याकडे आधीच आहेत. दोन तास मांडी घालून बसणारा मुलगा आळशी नसतो. त्याला विचारा, ‘किट तक गदि गन’ हाताला बसायला किती दिवस लागले? बुवांनी पहिल्या दिवशी दुगुन, म्हणजे दुप्पट लय, वाजवायला सांगितली होती का? आधी तोंडाने बोल, मग ठाय म्हणजे संथ लयीत हात, चुकलं की तेवढाच तुकडा पुन्हा, आणि बसला की पुढचा. चुकल्यावर बुवा ओरडले असतील, पण ‘शंभरपैकी एकवीस’ असं देवळाच्या भिंतीवर लावलं नसेल. शिवाय बोल नुसते वाचून पखवाज येत नाही, वाजवावा लागतो. गणिताचंही तसंच आहे. आपली मुलं सोडवलेली उदाहरणं वाचतात, मान डोलावतात, आणि त्यांना वाटतं आलं. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर उतरवलं की कळतं किती आलं ते. रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली नेमकं हेच तपासलं होतं. पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा पुस्तक बाजूला ठेवून आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात आठवड्यानंतर जास्त राहिलं होतं. तुमच्या मुलाला शिकायचं कसं हे माहीत आहे. ते गणिताला लावायचं असतं, एवढंच त्याला कुणी सांगितलेलं नाही.

आणि ज्या एका ठिकाणी त्याला चारचौघांत मान आहे ते ठिकाण तुम्ही शिक्षा म्हणून बंद केलंत, तर तो वेळ गणिताकडे वळणार नाही, मोबाईलकडे जाईल. सप्ताहाच्या आठवड्यात अभ्यास कमी होईल. होऊ दे.

त्या बाइकबद्दल जरा स्पष्ट बोलते, तुमच्या मिस्टरांनी राग मानू नये. एक तर दहावीच्या मुलाला बाइकचं लायसनच मिळत नाही, आणि आपल्या रस्त्यांवर काय होतं ते रोज पेपरात वाचतोच. पण ते सोडा. १९ मार्कांवर असलेल्या मुलाला दीड वर्षानंतरचे ७५ टक्के म्हणजे दूधसागर धबधब्याखाली उभं करून वर चढ म्हणण्यासारखं आहे. तो पहिल्याच दिवशी मनातून सोडून देतो. बक्षिसाचा आणखी एक गुण आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. चित्रं काढायला मुळातच आवडणाऱ्या काही मुलांना ‘चित्र काढलंत तर सर्टिफिकेट मिळेल’ असं आधी सांगितलं. नंतर, बक्षीस नसताना, तीच मुलं इतरांपेक्षा कमी वेळ चित्रं काढायला लागली. ज्यांना न सांगता अचानक सर्टिफिकेट दिलं त्यांचं तसं झालं नाही. तुमच्या मुलाला गणित मुळातच आवडत नाही, म्हणून हा प्रयोग त्याला जसाच्या तसा लागू पडत नाही. पण बाइकमधून त्याला कळतं काय? की हे काम इतकं वाईट आहे की ते करायला लाच द्यावी लागते. त्यापेक्षा तीन आठवडे वीस मिनिटं बसला की एका रविवारी, आधी न सांगता, त्याला पखवाजाच्या पुडीवर नवी शाई, म्हणजे तो काळा लेप, भरून घ्यायला घेऊन जा. कशाबद्दल तेही सांगू नका. त्याला कळतं.

मोबाईल काढून घेतलात त्याचं काय झालं, तुम्हीच लिहिलंय: मित्राचा घेऊन बसतो. माझा अनुभव असा की दिवसाच्या मोबाईलपेक्षा रात्रीच्या मोबाईलने जास्त नुकसान होतं. तुमच्या गावातून बालरथ, म्हणजे शाळेची बस, पावणेसातला निघत असेल तर तो सहाच्या आत उठतो. शाळा दीडला सुटते, जेवण, साडेतीनला ट्यूशन, सहाला मैदान किंवा देऊळ, नऊला जेवण, आणि मग बारा-साडेबारापर्यंत अंथरुणात रील्स. झोप पडते साडेपाच तास. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास लागतात. या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, त्यामुळे त्यांना लवकर झोप येत नाही हेही खरं, तो मुद्दाम जागत नाही. म्हणून एकच नियम करा: रात्री दहाला घरातले सगळे फोन हॉलमध्ये चार्जिंगला. सगळे म्हणजे तुमचा आणि त्याच्या बाबांचाही. माझ्या बघण्यात हा नियम मोडला तो बहुतेक घरांत बाबांनीच.

आणि ती ट्यूशन. ट्यूशनच्या सरांशी बोला. तिथे नववीचा पोर्शन पुढे पळत असेल, तर ज्याला सहावीचं येत नाही त्याच्यासाठी ते शाळेतलंच न कळलेलं दुसऱ्यांदा न कळणं आहे. सर मागे यायला तयार असतील तर ठेवा, नाहीतर दोन महिने बंद करा. शेजारी काय म्हणतील, याचा विचार तुमच्या मनात येईल. माझ्याही आला होता, माझ्या स्वतःच्या मुलीच्या वेळी.

इथे थोडं थांबून सांगते, कारण बरंच बोलले. डोळे आणि शाळेतला त्रास आधी तपासा. मग गाठ शोधा, रोज वीस मिनिटं. पखवाज चालू, बाइक रद्द, फोन रात्री हॉलमध्ये. एवढंच. यात ‘त्याला समजावून सांगा’ कुठेच नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. दहावीचं महत्त्व त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. म्हणूनच तर तो घाबरलाय.

वीस मिनिटं बसायचं की नाही, याला पर्याय देऊ नका. कधी बसायचं, कुठे बसायचं, कुठल्या धड्यापासून, हे मात्र त्यालाच ठरवू दे. रात्री देवळातून आल्यावर बसतो म्हणाला तर बसू दे. या वयात दुसऱ्याने ठरवलेलं सगळंच कडू लागतं, औषधही आणि बासुंदीही.

शाळेबद्दलही सांगायला हवं, आणि इथे आधी माझी चूक कबूल करते. पहिली दहा-बारा वर्षं मी उत्तरपत्रिका मार्कांच्या क्रमाने वाटायचे, जास्त मार्कांपासून कमीकडे. मला वाटायचं, याने ईर्षा वाढते. एक मुलगा दर वेळी वाटप सुरू झालं की बाथरूमला जायला विचारायचा. मला ते कळायला दोन परीक्षा लागल्या. नंतर मी हजेरीच्या क्रमाने, घडी घालून वाटायला लागले. तुमच्या मुलाच्या शाळेत असं काही होत असेल, तर शांतपणे जाऊन वर्गशिक्षिकेशी बोला. तक्रार म्हणून नको, ‘त्याच्यावर घरी काम चालू आहे, तीन आठवडे वर्गात त्याला फळ्यावर बोलावू नका’ एवढी विनंती करा. आणि एक मागणी करा: त्याला काहीतरी काम द्या. शाळेच्या कार्यक्रमात पखवाज वाजवायला उभा करा. वर्गातल्या एकातरी मोठ्या माणसाला तो काय करू शकतो हे माहीत असलं, की मुलं शाळेत यायला कारणं शोधतात, न यायला शोधत नाहीत. आपल्याकडे बऱ्याच हायस्कुलांत गोवा एज्युकेशन डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनमार्फत समुपदेशक येतात. तुमच्या शाळेत असतील तर त्यांनाही भेटा, ‘वेडा आहे का माझा मुलगा’ असं घरात कुणी म्हटलं तरी.

काही खुणा दिसल्या तर मात्र माझं वरचं सगळं बाजूला ठेवा. दोन आठवड्यांहून जास्त काळ तो उदास असेल, पखवाजही नको म्हणत असेल, जेवण-झोप बिघडली असेल, सोमवारी सकाळी हमखास पोटात दुखत असेल, ‘मी नसलेलोच बरा’ असं काही बोलला असेल किंवा हातावर ओरखडे दिसले, तर गाठ गणितात नाही. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, फोन तुम्हीही करू शकता. तुमच्या लिहिण्यावरून मला तसं वाटलं नाही, कारण पखवाज चालू आहे. तरी लक्ष असू द्या.

शेवटचं, पुढे काय होणार याबद्दल. ‘नापास झालास तर हॉटेलात कपबश्या धुशील’ हे वाक्य प्रत्येक घरात आहे आणि त्याचा उपयोग झालेला मी बघितलेला नाही. त्यापेक्षा सुट्टीत एक दिवस त्याला फर्मागुडीला न्या. तिथे आयटीआय आणि इंजिनिअरिंग कॉलेज दोन्ही जवळजवळ आहेत. आयटीआयच्या काही ट्रेडना आठवी पास चालतं, बऱ्याचशांना दहावी लागते. दहावीनंतर तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा असतो. एखाद्या वर्कशॉपमध्ये मुलं मोजमापं घेताना, मिलिमीटरचे अपूर्णांक वाचताना दिसली, तर पाचवीचं पुस्तक पुन्हा का उघडलं हे त्याला न सांगता कळेल. तिथे भाषण करू नका. रस्त्यात गरम भजी खा आणि परत या.

तीन आठवड्यांनी इथेच लिहा. मार्क नका सांगू, तो कुठल्या यत्तेच्या कुठल्या धड्याला अडला तेवढं सांगा. पुढचं त्यावरून बोलू.